जुन्या क्रिकेटचे कागद जमवायचे असतील तर कुठून सुरुवात करायची, काय बघायचं आणि कसं जपायचं

सुरुवात बॅटपासून करू नका, कागदापासून करा. सही केलेल्या बॅटा, बॉल, जर्सी बाजारात रोज नव्याने येत असतात, आजही एखादा खेळाडू तासाभरात शंभर सह्या करून देतो, पण १९४०-५० च्या मॅचचं पेन्सिलने भरलेलं स्कोअरबुक एकच असतं, ते रद्दीत गेलं की गेलं. आणि ते खरंच जातंय. गिरगाव, दादर, सदाशिव पेठ, सगळीकडे जुनी घरं रीडेव्हलपमेंटला चाललीत, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, आजोबा कुठल्यातरी जिमखान्याकडून खेळायचे एवढंच घरच्यांना माहीत असतं आणि पंधरा रुपये किलोने सगळं जातं. म्हणून हे लिहितोय. ज्यांना हौस आहे पण कुठून हात घालावा कळत नाही त्यांच्यासाठी.

आधी काय काय जमवता येतं ते बघू कारण लोकांना वाटतं फक्त सह्या. स्कोअरबुकं आहेत, खेळाडूंची पत्रं आणि पोस्टकार्डं आहेत, अभिनंदनाच्या तारा आहेत (तार सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, आता नवीन तार येणारच नाही), टीममध्ये निवड झाल्याचं असोसिएशनचं टाइप केलेलं पत्र, दौऱ्यावर लिहिलेली डायरी, जिमखान्याच्या मीटिंगची मिनिट्स, छापील स्कोअरकार्डं, तिकिटं, पासेस, दौऱ्याची ब्रोशर्स, डिनरची मेनूकार्डं ज्यांच्या मागे अख्ख्या टीमच्या सह्या असतात, ग्रुप फोटो, पेपरच्या कात्रणांच्या वह्या. मराठीतलं छापील साहित्य तर फार कमी लोक जमवतात आणि तिथे खूप काही करण्यासारखं आहे. जुने क्रिकेटपटू पी. विठ्ठल यांचं आत्मचरित्र 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ चं, संदीप पाटील संपादक असतानाचे 'एकच षटकार'चे अंक, बाळ ज. पंडित आकाशवाणीवर मराठीत कॉमेंट्री करायचे त्या काळातले कार्यक्रमाचे कागद, यातलं काही हाती लागलं तर सोडू नका.

दुसरी गोष्ट, सगळं जमवायला जाऊ नका. एक विषय धरा. सगळंच घेत सुटलात तर पैसेही संपतात आणि कशातच नजर तयार होत नाही, आणि या छंदात नजर हेच भांडवल आहे. विषय कुठलाही चालेल. कांगा लीग घ्या, १९४८ पासून भर पावसाळ्यात चाललेली स्पर्धा, त्या स्कोअरबुकांवर पाण्याचे डाग असतात आणि ते डागच त्याचा पुरावा. नाहीतर आपल्या जिल्ह्याची असोसिएशन घ्या, किंवा १९७१ चे वाडेकरांच्या टीमचे दोन दौरे, किंवा शालेय क्रिकेट. सचिन आणि कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप शाळेच्याच मॅचमध्ये झाली होती ना, १९८८ मध्ये आझाद मैदानावर, आणि ती धाव न धाव कुणीतरी मांडवात बसून हाताने लिहिली होती.

माझा स्वतःचा जीव चौरंगी-पंचरंगी सामन्यांत अडकलाय, म्हणजे धर्म-समाजानुसार टीम पाडून व्हायचे त्या जुन्या सामन्यांत. तेच उदाहरण घेऊन सांगतो की विषयाची माहिती असली की खोटं कसं पकडता येतं. पारशी विरुद्ध युरोपियन सामने १८९२ पासून, हिंदू १९०७ मध्ये आले आणि तिरंगी झाले, मुस्लिम १९१२ मध्ये आले आणि चौरंगी झाले, 'द रेस्ट' ही उरलेल्या समाजांची टीम १९३७ मध्ये आली आणि पंचरंगी झाले, आणि १९४६ मध्ये सगळं थांबलं. एवढं पाठ असलं तरी अर्धं काम होतं. कोणी १९१० सालचं चौरंगीचं कार्ड दाखवलं तर पुढे बघायचीही गरज नाही. १९३० ते १९३३ सविनय कायदेभंगामुळे चौरंगी झालीच नव्हती, म्हणून १९३१ चं स्कोअरकार्ड म्हणून कोणी विकत असेल तर हात जोडून पुढे जायचं. आणि १९३७ ची पहिली पंचरंगी, त्यात ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या जागांच्या वाटपावरून हिंदूंनी माघार घेतली होती, त्यामुळे पाच टीमची स्पर्धा असूनही त्या वर्षी हिंदूंची मॅच नाही. असे तपशील नकली कागद बनवणाऱ्याला माहीत नसतात. तुमच्या विषयाची अशी एक वही आधी तयार करा, तारखा, मैदानं, कॅप्टन, कोण खेळलं कोण नाही, आणि मग खरेदीला बाहेर पडा.

आता मिळतं कुठे. पुण्यात जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरतो, सकाळी लवकर जायचं. मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट, फ्लोरा फाउंटनचे फुटपाथवरचे पुस्तकवाले. आणि तुमच्या एरियातला रद्दीवाला, त्याला फक्त एवढं सांगून ठेवा की क्रिकेटचं हाताने लिहिलेलं काहीही आलं तर बाजूला ठेव, मी किलोच्या भावापेक्षा चांगले पैसे देतो. हे एकदा सांगून भागत नाही, अधूनमधून जाऊन चहा प्यायला लागतो. विझ्डन (इंग्लंडचं क्रिकेटचं वार्षिक) किंवा परदेशी टीमच्या वस्तू हव्या असतील तर इंग्लंडमधले स्पोर्ट्सचे लिलाव ऑनलाइन असतात, पण तिथे लिलावाच्या किमतीवर कमिशन, वर पोस्टेज, वर कस्टम ड्युटी, हा सगळा हिशोब बोली लावायच्या आधी करायचा.

पण सगळ्यात चांगलं साहित्य बाजारात नाही, घरांत आहे. जुने रणजी खेळाडू, अंपायर, स्कोअरर, जिमखान्याचे सेक्रेटरी, ग्राउंड्समन यांची घरं. ग्राउंड्समनना लोक विसरतात. पळवणकर बाळू पुण्यात मैदानावर राबायचे आणि गोऱ्या साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकायचे, तोच माणूस १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभरावर विकेट घेऊन आला. त्या काळी चर्मकार समाजातल्या माणसाला मैदानाबाहेर काय वागणूक मिळायची ते आपल्याला माहीत आहे, अशा माणसांच्या हातचं एखादं पत्र किंवा घरातला फोटो इतिहासाला जेवढं सांगतो तेवढं महाराजांच्या सहीची बॅट सांगत नाही.

घरी जाताना ओळख काढून जा, फोन करून जा. "काकू, आजोबांची काही कागदपत्रं असतील तर नुसती बघायला मिळतील का" असं विचारा, पहिल्या भेटीत विकत घ्यायचं नावसुद्धा काढू नका. बसा, ऐका. काकूंना मॅचचे स्कोअर माहीत नसतील पण कोण घरी जेवायला यायचं, दौऱ्यावरून कोणी काय आणलं, फोटोतला तिसरा माणूस कोण, हे त्यांनाच माहीत असतं आणि त्यांच्यानंतर कोणालाच माहीत नसणार. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. आणि वस्तूची किंमत त्यांना माहीत नसली तर तुम्ही खरी सांगा. अज्ञानाचा फायदा घेऊन घेतलेली वस्तू मला कधीच गोड लागणार नाही, आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी त्या घराकडून पुढची पाच घरं कळतात, ती फसवणुकीने बंद होतात. विकायचं नसेल तर स्कॅन करू द्या म्हणा, बरेच लोक आनंदाने हो म्हणतात. विकलंच तर त्यांना सगळ्याची चांगली कलर कॉपी फाइल करून द्या.

आता महत्त्वाचं, ज्याला बाहेर प्रोव्हेनन्स म्हणतात, म्हणजे वस्तू कुठून कुणाकडून आली त्याची साखळी. हे त्याच दिवशी लिहून घ्यायचं, नंतर नाही. साध्या कागदावर: ही वही अमुक यांची, त्यांच्या मुलाने/सुनेने अमुक तारखेला दिली, खाली सही. जमलं तर वस्तू हातात धरलेला फोटो. याने किती फरक पडतो त्याचं उदाहरण सांगतो. ब्रॅडमनची १९४७-४८ च्या भारताविरुद्धच्या सीरिजमधली बॅगी ग्रीन, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या टेस्ट टीमची टोपी २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिडनीला लिलावात निघाली, रंग उडालेली, झिजलेली, तरी कमिशन धरून चार लाख एकोणऐंशी हजार ऑस्ट्रेलियन डॉलर्सला गेली. कारण ती ब्रॅडमनने भारतीय टीमचे मॅनेजर पंकज गुप्ता यांना दिली होती आणि पुढे ती कुणाकडून कुणाकडे गेली याची कहाणी तिच्याबरोबर होती. कहाणी नसती तर ती एक जुनी हिरवी टोपी होती.

स्कोअरबुक हाती आलं की तपासायचं कसं, तर बेरीज करा. बॅट्समनच्या धावा अधिक एक्स्ट्राज बरोबर टोटल, आणि बॉलरने दिलेल्या धावांशी मेळ बसतो का ते बघा (पूर्वी वाइड-नोबॉल बॉलरच्या खात्यात धरत नसत, ते लक्षात ठेवून). फॉल ऑफ विकेट्स जुळतात का. मग त्या मॅचचा छापून आलेला स्कोअर शोधून ताळा करा. मैदानात भरलेलं बुक कधी चकचकीत नसतं, पेन्सिलची जाडी मध्येच बदलते, कुठे खोडलंय, कुठे बॉलरचं नाव आधी चुकीचं लिहून दुरुस्त केलंय, लंचनंतर दुसऱ्याचं अक्षर सुरू होतं. एकाच शाईत एकाच हातात सगळं सुबक असेल तर ती बहुतेक नंतर केलेली फेअर कॉपी, तिलाही किंमत आहे पण मूळची नाही. आणि मार्जिन वाचा, मार्जिनमध्ये सोनं असतं. "पाऊस, ४० मिनिटं", "अंपायर बदलले" असल्या नोंदी कुठल्याच रेकॉर्ड बुकात सापडत नाहीत. पुणे क्लबच्या मैदानावर १९४८ च्या डिसेंबरमध्ये भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ होते, महाराष्ट्र ४ बाद ८२६, ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठियावाडने मॅच सोडून दिली. आपल्याला आकडे माहीत आहेत, पण स्कोअररच्या शेजारी बसून दुसऱ्या कोणी त्या दिवशी काय टिपून ठेवलं असेल तर ते कुठल्यातरी वहीतच असणार. अशा वह्यांसाठी हा सगळा खटाटोप आहे.

सह्यांचं बोलायचं तर तिथे खोटेपणा सगळ्यात जास्त. पहिलं म्हणजे छापील सही. बॅटांवर, फोटोंवर, पोस्टरवर टीमच्या सह्या छापलेल्या असतात आणि त्या खऱ्या म्हणून विकल्या जातात. दहापटीचं भिंग घ्या, छापलेल्या सहीत बारीक ठिपके दिसतात किंवा शाई सगळीकडे एकसारखी सपाट असते, खऱ्या सहीत दाब कमीजास्त होतो, रेषा एकमेकींना ओलांडतात तिथे शाई गडद होते, कागदाच्या मागे हलका उठाव लागतो. दुसरं, एकाच माणसाने सगळ्या टीमच्या सह्या करणं, हे ड्रेसिंग रूममध्ये जगभर चालत आलंय. अकरा सह्यांचा कल, वेग, पेन एकच वाटत असेल तर सावध. तिसरं, काळ. खेळाडूची सही विशीत वेगळी आणि साठीत वेगळी, त्यामुळे तुलना करायची तर त्याच वर्षांच्या आसपासच्या खात्रीच्या सहीशी करा. चौथं, तर्क. १९८३ च्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये चौदा जण होते, एकही मॅच न खेळलेले सुनील वॉल्सन धरून, मॅनेजर मानसिंग वेगळे. यादीत नसलेला माणूस शीटवर कसा, किंवा असलेला गायब का, हे विचारा. यशपाल शर्मा २०२१ च्या जुलैमध्ये गेले, तर त्यानंतर बनलेल्या बॅटवर त्यांची सही कशी असेल. नंतरच्या रियुनियनमध्ये मार्करने केलेल्या सह्या खऱ्या असू शकतात पण त्या १९८३ च्या नाहीत आणि किंमतही तशी नाही. नजर बसवायला पुण्यात सहकारनगरला रोहन पाटे यांचं ब्लेड्स ऑफ ग्लोरी म्युझियम आहे तिथे जा, सह्या केलेल्या बॅटा भरपूर आहेत, निवांत बघा.

सर्टिफिकेटवर भरवसा ठेवू नका. कोणीही प्रिंटरवर होलोग्राम लावून सर्टिफिकेट काढू शकतो. सही तपासायची, सर्टिफिकेट नाही.

कागदाचं वय काढायच्या काही सोप्या खुणा आहेत. तिकिटावर आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा हिशोब, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४, नुसते पैसे असतील तर त्यानंतर. लेटरहेडवर सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतर छापलेलं, त्यावर १९६५ ची तारीख असेल तर गडबड आहे. पत्त्यात 'महाराष्ट्र राज्य' असेल तर १ मे १९६० नंतरचं. बॉलपेन जगाच्या बाजारात १९४५ च्या सुमारास आलं, म्हणून १९३२ च्या लॉर्ड्सवरच्या आपल्या पहिल्या टेस्टच्या टीमची सही बॉलपेनने असेल तर ती निदान त्या दिवशीची नाही. आणि एक छोटा यूव्ही टॉर्च घ्या, चारपाचशे रुपयांत मिळतो. अंधारात कागदावर मारला आणि कागद निळा-पांढरा चमकला तर त्यात ब्राइटनर आहे, आणि असे कागद साधारण १९५० च्या पुढचे. पंचरंगीचं कार्ड चमकलं की विषय संपला. उलटं मात्र खरं नाही, नाही चमकला म्हणून जुनाच असं नाही, कारण जुन्या वह्यांची कोरी पानं काढून त्यावर खोटं करणारे असतात.

कायद्याचं थोडं, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूंसाठी मर्यादा शंभर वर्षांची आहे, पण ऐतिहासिक किंवा साहित्यिक महत्त्वाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज यांच्यासाठी ती पंचाहत्तर वर्षांचीच. म्हणजे पंचरंगीच्या काळातलं एखादं महत्त्वाचं पत्र आज या कक्षेत येऊ शकतं. अशी वस्तू देशाबाहेर विकता-पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायला लायसन्स लागतं. लंडनच्या लिलावात जास्त पैसे मिळतील म्हणून कुरिअर करायच्या आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. तसंच, पानावर लायब्ररीचा किंवा जिमखान्याचा शिक्का असेल आणि 'रद्द' असं कुठे नसेल तर घेऊ नका, त्या संस्थेला कळवा. आणि पत्र तुमच्याकडे आलं म्हणजे मजकूर तुमचा झाला असं नाही, कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर वारसांचा, पुस्तकात छापायचं तर विचारावं लागतं.

आता जपणं, यावर मी सगळ्यात जास्त आग्रही आहे कारण मिळालेलं साहित्य आपल्याच घरात मरतं. लॅमिनेशन करू नका. कधीच नाही, कितीही मौल्यवान वाटलं तरी नाही, ते परत निघत नाही आणि उष्णतेने शाई-कागद दोन्ही जातं. सेलोटेप नको, फेविकॉल नको, रबरबँड नको. स्टेपल आणि टाचण्या गंजतात, हळूच काढून टाका. स्टेशनरीच्या दुकानातल्या वास येणाऱ्या पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये सह्या ठेवल्या तर काही वर्षांत शाई प्लॅस्टिकला चिकटते, त्याऐवजी पॉलिएस्टरचे, म्हणजे मायलरचे पाऊच घ्या, आणि मध्ये अ‍ॅसिड-फ्री कागद. नोंद करायची तर मागे मऊ पेन्सिलने, कोपऱ्यात, पेन कधीच नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, कागदाला ग्लोव्हज नकोत, त्याने पान फाटतं, ग्लोव्हज फोटोंसाठी.

आपल्या हवेत खरा शत्रू पावसाळा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खालच्या कप्प्यात ठेवू नका, सिलिका जेल ठेवा आणि ते बदलत राहा, आणि पाऊस नसेल त्या दिवशी सगळं एकदा उघडून वारा द्या, उन्हात मात्र नाही. कसर लागलेली वही आली तर आधी बाकीच्यांपासून लांब. झिपच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, रूमच्या तापमानाला दिवसभर येऊ द्यायची नाहीतर आत दव धरतं. फोटो आणि काचेच्या निगेटिव्हवर हा प्रयोग नको. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही, कागदाला लागू द्यायची नाही, डांबरगोळ्यांचंही तेच. बुरशी लागलेलं, चिकटलेलं, तुकडे पडत असलेलं काही असेल तर घरी काही करू नका, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्वेशन सेंटर आहे, तिथे विचारा. जुन्या सहीच्या बॅटला तेल लावू नका, सही पसरते. जुना फ्लॅनेलचा शर्ट धुवू नका, मातीचे डाग असले तर असू द्या, ते मैदानाचे आहेत.

मिळाल्या दिवशीच स्कॅन करा, ६०० डीपीआय, रंगीत, कोरी पानं आणि कव्हरसकट, मागची बाजूसुद्धा. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलने नावं असतात, ते पुढच्या फोटोइतकंच महत्त्वाचं. फाइलला नाव देताना आधी साल, मग मॅच. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

किमतीबद्दल नेमकं सांगणं अवघड आहे कारण स्कोअरबुकांना आपल्याकडे ठरलेला बाजारच नाही, देणारा आणि घेणारा दोघं बसून ठरवतात. एवढंच सांगेन की विकायच्या हिशोबाने जमवू नका, आणि कर्ज काढून तर अजिबात नाही. जुन्या लिलावांचे निकाल ऑनलाइन असतात ते बघून अंदाज घ्या, मागितलेली किंमत नाही, विकली गेलेली किंमत.

शेवटचं काम बहुतेक जण टाळतात. यादी करा, प्रत्येक वस्तूला नंबर, काय आहे, कुणाकडून आली, कधी, कितीला, कुठल्या बॉक्समध्ये आहे. कॉम्प्युटरवर ठेवाच पण एक प्रिंट काढून त्याच कपाटात ठेवा, कारण तुमच्या माघारी तुमच्या लॅपटॉपचा पासवर्ड कोणी शोधत बसणार नाही. त्या यादीवर वर मोठ्या अक्षरात लिहा की हे रद्दीत द्यायचं नाही, आणि कुठली लायब्ररी, कुठला जिमखाना किंवा कुठला मित्र हे घ्यायला तयार आहे त्याचं नाव आणि फोन नंबर. तयार आहे का ते आत्ताच त्यांना विचारून घ्या, शक्य असेल तर लेखी.